विष्णुपंतांच्या वहीतला कडू

गंगाखेडला गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही. ती गंगा. आणि त्या गंगेच्या घाटावर मेलेल्यांची नावं सांभाळायचं काम विष्णुपंत उपाध्यांच्या घरात सहा पिढ्यांपासून होतं. अस्थी घेऊन यजमान आला की पंत त्याला गाव विचारायचे, आडनाव विचारायचे, आणि लाल खारव्यात बांधलेली लांबट वही आणून त्याच्या पुढ्यात सोडायचे. मग बाप, आजा, पणजा, कोण कुठल्या साली आला, कोणाच्या अस्थी कोणी आणल्या, कोणाला किती लेकरं, सगळं मोडीतून घडाघडा वाचून दाखवायचे. स्वतःच्या आज्याचं नाव ज्याला धड आठवत नाही असा बाप्या आ वासून ऐकत बसायचा. कधी त्याच्या डोळ्यांना धार लागायची, आणि पंत खालमानेने पान उलटायचे.

एरवी पंत म्हणजे भित्रा माणूस. कुत्र्याला भ्यायचे, पोलिसाला भ्यायचे, पुराला भ्यायचे, आणि सासुरवाडीच्या माणसांना तर त्याहून जास्त. चारचौघांत स्वतःच्या मनाचं काही सांगायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. त्यांच्या बायको कमलबाई जरा फटकळ होत्या. त्या म्हणायच्या, "वही हातात असली की वाघ, नसली की शेळी." पंत हसून सोडून द्यायचे, पण ते खरंच होतं. वही वाचताना आवाज खणखणीत लागायचा, कारण त्यात त्यांचं स्वतःचं असं काही नसायचं.

वहीचा कायदा साधा होता. यजमान समोर बसल्याशिवाय अक्षर लिहायचं नाही. लिहिलेलं खोडायचं नाही. चूक सुधारायचीच असली तर यजमानाच्या देखत, दोन साक्षी घालून, खाली नवी ओळ लिहायची. एवढं पाळलं म्हणून सगळ्या मुलखात या वहीला इमान होतं. कज्जा-भांडण झालं तर लोक म्हणायचे, चला गंगाखेडला, वहीत बघू.

अशा वहीत एक नोंद खोटी होती, आणि ते सगळ्या जगात एकट्या पंतांना ठाऊक होतं.

ती नोंद त्यांच्या आजोबांनी केलेली. पंत पंधरा वर्षांचे झाले तेव्हा आजोबांनी त्यांना वही वाचायला शिकवली, आणि त्या पानाशी आल्यावर थांबून सगळी हकिकत सांगितली. राणीसावरगावचा व्यंकटराव म्हणून एक मराठा हिंगोलीच्या छावणीत सवार होता. मुलूख निजामाचा, पण छावणीत हुकूम चालायचा गोऱ्या साहेबाचा. कुठल्याशा चकमकीत कप्तानाचा घोडा पडला, तेव्हा व्यंकटरावाने त्याला आपल्या घोड्यावर ओढून घेतलं आणि बाहेर काढलं. कप्तानाच्या शिफारशीवरून निजाम सरकारने त्याला गावात बत्तीस बिघे काळी जमीन इनाम दिली. सनदेत लिहिलं होतं, व्यंकटरावाला आणि त्याच्या औलादीला, पिढ्यानपिढ्या.

जमीन मिळाली, पण औलाद टिकेना. चार मुलगे झाले. कोणी सहा महिन्यांचा होऊन गेला, कोणी दोन वर्षांचा होऊन. दर वेळी नवरा-बायको घाटावर यायची, आणि दर वेळी आजोबा वहीत 'मयत' लिहायचे. पाचवा झाला तेव्हा ती दोघं सव्वा महिन्याचं लेकरू घेऊनच आली. अशा वेळी आपल्याकडे काय करतात ते कोणाला सांगायला नको. लेकरू सुपात घालायचं, परक्या बाईला देऊन टाकायचं, आणि मग तिच्याकडून पायलीभर जवारीवर परत घ्यायचं. नाव ठेवायचं दगडू, केरबा, नाहीतर कडू. म्हणजे मरण शोधत आलं तरी त्याला वाटावं, हे काही या घरचं नव्हे, आणि न्यावं असंही नव्हे.

घाटावर होडी चालवणारा धोंडी भोई आणि त्याची बायको धुरपताबाई यांना मूलबाळ नव्हतं. धुरपताबाईने सुपातलं लेकरू उचललं आणि पदराखाली धरलं. जवारी घेऊन परत देताना तिला रडू आवरेना, असं आजोबा सांगायचे. तेवढ्यावर थांबलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण व्यंकटरावाच्या बायकोने आजोबांचे पाय धरले. "महाराज, माझी चार लेकरं तुमच्या वहीत लिवली आन् चारी गेली. ह्याला आमच्या पानावर नका लिवू. धोंडीच्या पानावर लिवा. मरणाला सापडू नका देऊ." चार वेळा 'मयत' लिहून आजोबांचाही हात जड झाला होता. त्यांनी पान उलटलं आणि धोंडी भोयाच्या नावाखाली लिहिलं, 'पुत्र कडू, पालन मौजे राणीसावरगाव.' ठरलं असं की बारा वर्षं सरली की मुलगा समोर बसवायचा आणि खाली दुरुस्तीची ओळ घालायची. तोवर कोणापाशी बोलायचं नाही, लेकरापाशीही नाही. बोललं की उतारा फिरतो.

कडू जगला. मायबाप मात्र तो बारा वर्षांचा होण्याआधीच पटकीच्या साथीत एका आठवड्यात गेली, आणि त्याच साथीने धोंडीचं घरही रिकामं केलं. कडूचा कडूजी झाला, व्यंकटरावाची जमीन कसू लागला, आणि शेतीच्या रगाड्यात घाटावर कधी आलाच नाही. आजोबांनी दोनदा निरोप धाडला. नंतर तेही थकले. नातवाला म्हणाले, "विष्णू, त्या घरचं माणूस आलं की आधी ती ओळ घाल. मी दयेपोटी लिहिलं, पण ते आहे खोटंच."

विष्णूने मान डोलावली. पाच वर्षांनी कडूजीचा मुलगा मुंजाजी बापाच्या अस्थी घेऊन आला तेव्हा आजोबा जाऊन चार वर्षं झाली होती आणि पंत विशीत होते. पर्वकाळाची गर्दी, आभाळ भरून आलेलं, मुंजाजीची गाडी जुंपून उभी. पंतांनी पान काढलं. आता या रडणाऱ्या माणसाला सांगायचं, की तुझा बाप आमच्या वहीत भोयाचा मुलगा म्हणून आहे? तो चिडला तर? साक्षी कोण घालायचे? पुढच्या खेपेला बघू, असं म्हणून त्यांनी कडूच्या नावापुढे 'मयत' लिहिलं आणि खाली 'पुत्र मुंजाजी' घातलं. मुंजाजीला अक्षरओळख नव्हती. "लिवलं का महाराज?" त्याने विचारलं. "लिहिलं," पंत म्हणाले. भित्र्या माणसाची पुढची खेप कशी येते ते पंतांना पुढे तीस वर्षांनी कळायचं होतं.

फसली तेराशे पंचेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी पस्तीस सालच्या, हिवाळ्यात मुंजाजीचा मुलगा भुजंग घाटावर आला. चाळिशीचा, रुंद हाडाचा, बोलायला मोकळा. बापाच्या अस्थी गंगेत सोडल्या, पंतांनी वहीत नावं चढवली, आणि मग भुजंग पंच्याने तोंड पुसून म्हणाला, "महाराज, आजून एक काम हाय. परभणीच्या कचेरीतून हुकूम आलाय. इनामाची विरासत माझ्या नावानं लावायची तर शजरा आना म्हणायलेत."

शजरा म्हणजे वंशावळ. भुजंग त्या मूळ सवाराच्या पोटचा आहे हे कागदाने दाखवायचं. आजवर परगण्याचं दप्तर ठेवणाऱ्या देशपांड्यांच्या शब्दावर चालून गेलं होतं. आता सरकार सगळ्या इनामांची नव्याने चौकशी करत होतं.

"गावात कागद असतील की," पंत म्हणाले.

"वाळवीनं खाल्ले सगळे. आन् कागद कशाला पायजे? म्या सायबाला सांगून आलाव, आमची वंशावळ गंगाखेडला उपाध्याच्या वहीत हाय. तिथं खोटं लिवत न्हाईत. सायेब म्हणले, मग त्यांनाच घिऊन या वहीसकट. पंधरा दिवसावर तारीख हाय."

यजमान समोर बसला होता, दुरुस्तीची ओळ घालायला हरकत नव्हती. पण तारीख पंधरा दिवसांवर. आता ओळ घातली तर शाई ताजी दिसणार, आणि कचेरी म्हणणार, उपाध्याने हात ओले करून लिहिलं. हीच ओळ तीस वर्षांपूर्वी घातली असती तर आज तिच्यावर कोणी बोट ठेवू शकला नसता. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्याची पाळी पंतांनी स्वतःच आणली होती.

घरी आल्यावर त्यांनी प्रथमच ही गोष्ट कमलबाईंना सांगितली. कमलबाईंनी ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "मग एवढं काय त्यात? वहीत आहे ते वाचा, आणि मग आजोबांनी सांगितलं ते सांगा. साहेबाला पटेल, नाही पटणार. आपण सांगायला तर हवं."

"आणि लोक काय म्हणतील? एक पान खोटं निघालं की सगळी वही खोटी. उद्या कोण येईल आपल्याकडे?"

"आणि त्या माणसाची जमीन?"

पंत आंघोळीला गेले. दोन वेळा आंघोळ झाली त्या दिवशी.

तारखेच्या दिवशी पंत आणि भुजंग आगगाडीने परभणीला निघाले. वही भुजंगने कोणाला उचलू दिली नाही. खारव्यावर आपला धुतलेला पटका गुंडाळून त्याने ती मांडीवर घेतली आणि डब्यात कोणाचा पाय लागू नये म्हणून अंग चोरून बसला. वाटभर बोलत होता. मुलगी बायना उपवर झाली होती. बोरीचं घर बघितलेलं, माणसं तालेवार, विरासत लागली की साखरपुडा. "जमीन लय न्हाई महाराज, पण इनामाची हाय म्हून लोक इच्यारत्यात. व्यंकटराव सवाराचं घर म्हणत्यात आमाला."

"भुजंगा," पंत म्हणाले.

"जी."

"ऊस कसा आहे यंदा?"

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा भुजंगच हसला, "महाराज, आमी ऊस लावीतच न्हाई की." पिंगळी मागे पडली, परभणी आली, आणि पंतांच्या तोंडून निघायचं ते निघालं नाही.

कचेरीतले साहेब वयस्कर होते. डोक्याला रुमी टोपी, बोलणं अदबीचं. पंतांना त्यांनी खुर्ची दिली, आणि वही ठेवायला टेबलावर स्वतःच्या हाताने स्वच्छ कपडा पसरला. असा माणूस तुसडा असता तर पंतांना पुढे मनाची समजूत घालायला काही तरी मिळालं असतं. पेशकार लिहायला बसला. भुजंग दाराशी हात बांधून उभा राहिला.

पंतांनी व्यंकटरावाचं पान काढलं आणि वाचलं. व्यंकटराव, सवार, मौजे राणीसावरगाव. पुत्र चार. मयत, मयत, मयत, मयत.

"आगे?" साहेबांनी विचारलं.

"या पानावर पुढे काही नाही."

"कडूजी म्हणा की महाराज," दाराशी उभा भुजंग हळूच म्हणाला. "कडूजी ऱ्हायला."

पंतांनी दुसरं पान काढलं. एकही शब्द न गाळता वाचलं. धोंडी भोई, वस्ती कसबे गंगाखेड. पुत्र कडू, पालन मौजे राणीसावरगाव. कडूचा पुत्र मुंजाजी. मुंजाजीचा पुत्र भुजंग. पेशकाराचा टाक थांबला. भुजंग आधी हसला, कारण त्याला वाटलं पंतांनी चुकून भलतंच पान काढलं. मग कोणीच हसत नाही असं बघून तोही थांबला.

साहेबांनी चष्मा काढला. भुजंगकडे बघितलं, पंतांकडे बघितलं. गावाचं म्हणणं त्यांनी आधीच लिहून घेतलं होतं, पण तेव्हाचं बघितलेलं माणूस गावात एकही उरलं नव्हतं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "पंडितजी, किताब तो सुन ली. किताब के बाहर कुछ मालूम है तो बोलिए. मैं लिख लेता हूँ."

एवढी सोपी वाट देव सगळ्यांना देत नाही. पंतांना सूप दिसलं, धुरपताबाई दिसली, पान उलटणारे आजोबा दिसले. आणि त्याच वेळी दिसलं, की उद्या घाटावर लोक म्हणताहेत, उपाध्याच्या वहीत खोटं असतं म्हणे, त्याने स्वतः कचेरीत कबूल केलं. सहा पिढ्यांचं इमान एका शब्दात बुडवणारा आपण. त्यांनी वहीवर हात ठेवला.

"नाही साहेब," ते म्हणाले, "जे आहे ते वहीत आहे."

बाहेर पायऱ्यांवर भुजंग पंतांसमोर उभा राहिला. पंतांना वाटलं, हा आता गचांडी धरील. धरली असती तर किती बरं झालं असतं, असं ते पुढे कितीदा तरी मनाशी म्हणाले.

"महाराज, मंजी आमी भोई?"

"वहीत तसं आहे."

भुजंगने खांद्यावरचा पटका काढून झटकला. मग म्हणाला, "वहीत हाय मंजी हाय." आणि वही उचलून, तशीच पटक्यात गुंडाळून, त्याने ती स्टेशनपर्यंत आणून दिली.

जमीन सरकारजमा झाली. पुढच्याच वर्षी ती दुसऱ्याच्या नावाने लागली, आणि भुजंग त्याच रानात त्याच बैलांमागे मजुरीने चालू लागला. बोरीच्या घराने नारळ परत पाठवला. भोई काय कमी माणूस असतो? पूर आला की हीच मंडळी जीव मुठीत धरून लोकांना काढतात. पण अक्षता पडायच्या वेळी पूर कोणाला आठवत नाही. बायनाला दोन वर्षांनी लांबच्या गावी एका बिजवराला दिली. पोळ्याला भुजंगच्या बैलांचा मान होता, तो काढून घ्यायला पाटील बिचकत होता. भुजंगनेच बैल मागे घेतले.

आणि मग तो आपली माणसं शोधायला निघाला. गंगाखेडला भोयांच्या घरोघर फिरला. धोंडी भोयाचा वंश कुठं हाय, त्याचे भाऊबंद कोण, आमी त्याच्या पोटचे. म्हाताऱ्या भोयांनी त्याला बसवून घेतलं, भाकरी दिली. एक जण म्हणाला, "पावनं, धोंडीला लेकरूच न्हवतं असं आमी ऐकत आलाव."

"न्हाई," भुजंग म्हणाला. "वहीत हाय."

हे त्याने पंतांना स्वतः येऊन सांगितलं, म्हाताऱ्यांना कसं माहीत नव्हतं याची गंमत वाटून. पंत तांब्या घासत होते. ते घासतच राहिले.

तेव्हापासून दर सर्वपित्री अमावास्येला भुजंग घाटावर यायचा. पंत म्हणतील तसं म्हणत बापाला, आज्याला आणि धोंडी भोयाला पाणी द्यायचा. धोंडीचं नाव घेताना जरा जास्तच वाकायचा. त्याला वाटायचं, ऐंशी वर्षं आपण या पूर्वजाला उपाशी ठेवलं. व्यंकटराव सवाराचं नाव घेणारं आता पृथ्वीवर कोणी नव्हतं. भुजंग गेला की पंत इकडेतिकडे बघत पुन्हा पाण्यात उतरायचे आणि व्यंकटरावाच्या नावाने एक ओंजळ सोडायचे. चोरून दिलेलं पाणी पोचतं की नाही, हे कुठल्या शास्त्रात लिहिलेलं पंतांना सापडलं नाही.

कमलबाईंनी हे एकदा बघितलं. "त्याला सांगा," त्या म्हणाल्या, "जमीन परत मिळणार नाही, पण निदान स्वतःचा पणजा तरी मिळेल." पंत म्हणाले, पुढच्या अमावास्येला. अशा एकूण बारा सर्वपित्री गेल्या. कमलबाईही एका उन्हाळ्यात तापाने गेल्या. शेवटचे काही महिने त्यांनी या विषयावर बोलणं सोडून दिलं होतं. पंतांना ते बोलण्याहून जास्त लागायचं.

फसली सत्तावन्नच्या मार्गशीर्षात चतुराबाई आली, भुजंगची बायको. सोबत मुलगा ज्ञानोबा, विशी ओलांडलेला, बापाच्याच हाडाचा. ते वर्ष वाईट होतं. रझाकारांच्या धास्तीने माणसं सूर्य वर आल्याशिवाय गाव सोडत नव्हती, आणि घाटावर कावळ्यांशिवाय कोणी नसायचं. दोघं आडवाटेने बैलगाडीतून आली होती. भुजंग छातीत कळ येऊन रानातच पडला होता, ज्या रानात मजुरी करायचा तिथेच. दहावा झाला, अकरावा झाला, आणि बाराव्या दिवशी पंतांनी सपिंडी मांडली.

या दिवशी मेलेल्याचा पिंड घेतात, त्याचे तीन भाग करतात, आणि बाप, आजा, पणजा यांच्या तीन पिंडांत मिसळतात. तोवर माणूस भुतासारखा वाटेवर असतो. मिसळला की आपल्या माणसांत जाऊन बसतो. पंतांनी आयुष्यात हे हजारदा केलं होतं. गोत्राचा प्रश्न नव्हता. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्या सगळ्यांना कश्यप लागतं. पहिला भाग मुंजाजीच्या पिंडात गेला. दुसरा कडूजीच्या. तिसरा ज्ञानोबाच्या हातात होता, आणि तो धोंडीच्या पिंडात जायचा होता.

"थांब," ते म्हणाले. पळीपंचपात्र बाजूला सारलं आणि चतुराबाईकडे न बघता सगळं सांगून टाकलं. चार मयत मुलगे, सुपातलं लेकरू, पायलीभर जवारी, आजोबांचा शब्द, मुंजाजीच्या वेळी राहिलेली ओळ. कुठेही स्वतःला वाचवलं नाही. एवढं एक तरी त्यांनी नीट केलं.

चतुराबाई ऐकत होती. वाळूत बोट फिरवत होती ते थांबलं.

"हे तुमाला कवापसून ठाव हाय?"

"पंधरा वर्षांचा होतो तेव्हापासून."

"मंजी कचेरीत बी ठाव होतं."

"होय."

"मग कामून न्हाई बोललाव?"

पंतांनी बारा वर्षं या प्रश्नाची नाना उत्तरं तयार ठेवली होती. वहीचं इमान, सहा पिढ्या, लोक काय म्हणतील. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"भ्यालो," ते म्हणाले.

ज्ञानोबाच्या मुठी वळल्या, पण एका मुठीत पिंड होता. चतुराबाई रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. तिने त्या दिल्या असत्या तर पंतांनी पदर पसरून घेतल्या असत्या.

"ज्ञानोबा," पंत घाईघाईने म्हणाले, "तिसरं नाव व्यंकटराव घे. तोच तुझा खापरपणजा, तुझ्या बापाचा पणजा. मी वहीत ओळ घालतो, आत्ता, तुझ्या देखत. कोणी विचारलं तर मी चावडीवर येऊन सांगेन. आता मला कोणाची भीती नाही."

ज्ञानोबाने आईकडे बघितलं. चतुराबाई जराशी पुढे सरकली.

"महाराज, बारा वर्सं त्यांनी धोंडीबाला पाणी दिलं. रानातून उचलून आणलं तवा दोन घटका सुद होती. मला म्हणले, चतुरे, भिऊ नको, म्या धोंडीबाकडं चाललाव, दुसरं कोण हाय माझं तिकडं. आसं म्हणून गेले ते." ती थांबली. "त्या व्यंकटरावाला आमी बारा वर्सांत एक घास दिला न्हाई. त्याच्या दारात आता ह्यांना उभं केलं, तर तो म्हणंल तू कोण? त्यांना जमिनीवरून उठवलं. गावच्या पंगतीतून उठवलं. आता जरा कुठं जाऊन बसले आसतील, तर तिथून बी उठवू का, तुमचं खरं निघालं म्हून?"

पंतांनी वहीकडे नेलेला हात मागे घेतला.

"घे रं," चतुराबाई मुलाला म्हणाली, "धोंडीबाचं नाव घे."

पण उपाध्याने आधी म्हटल्याशिवाय यजमानाला म्हणता येत नाही. ज्ञानोबा हात पुढे धरून थांबला. पंतांनी पंचपात्र पुन्हा जवळ ओढलं, दर्भ सारखे केले, आणि कश्यप गोत्र, धोंडी भोई, असं म्हणाले. ज्ञानोबाने मागोमाग म्हटलं. भुजंगचा उरलेला तिसरा भाग धोंडीच्या पिंडात मिसळला. चतुराबाईने वाकून पिंडांना हात जोडले, मुलाला पाठीवर थोपटून उठवलं, आणि पंतांकडे न बघता दोघं पायऱ्या चढून गाडीकडे गेली.